धावायच्या आधी परतायला शिकवा: कारवानी मिश्र पिल्लू पहिल्यांदाच वाढवणाऱ्यांसाठी

माझ्या काकांचं शेत महूच्या पुढे, चोरलच्या बाजूला आहे. आम्ही राहतो इंदूरमध्ये, शनिवार-रविवार शेतावर. तीन वर्षांपूर्वी काकांनी तिथे एक पिल्लू आणलं. आई लातूरकडची कारवानी, म्हणजे दख्खनची वेगवान शिकारी कुत्री, बाप गावातलाच कुणीतरी. रंग तुरीच्या डाळीचा, म्हणून नाव तुरी. काका म्हणाले, "अगं, ही शिकारी रक्ताची आहे. हिला काम नाही दिलं तर ती स्वतःच काम शोधेल." काम म्हणजे नक्की काय द्यायचं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. विचारायला गेले तर कुणी म्हणे सहा महिन्यांची झाली की सशामागे सोडा, कुणी म्हणे उपाशी ठेवा म्हणजे जोरात पळेल. यातला पहिला सल्ला गुन्हा होता आणि दुसरा क्रूरपणा. तुरीचं पहिलं वर्ष आम्ही चाचपडत काढलं. तुमच्या पिल्लाचं तसं जाऊ नये म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी कायदा समजून घ्या

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. वन्य प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हुसकावणं, सापळ्यात धरणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. "ससा हाती लागलाच नाही, नुसती पळापळ झाली" असं म्हणून सुटका होत नाही. रानससा, नीलगाय, काळवीट, मोर, सगळे त्यात आले. तुमचं शेत असलं तरीही.

दुसरा कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा. करमणुकीसाठी एखादा प्राणी दुसऱ्याचं सावज म्हणून बांधून किंवा कोंडून ठेवणं त्यात गुन्हा आहे. पिल्लाला "तयार" करण्यासाठी पाळीव ससा किंवा कोंबडी पुढ्यात सोडण्याची पद्धत अजून चालते. एका विक्रेत्याने मला तसा व्हिडिओ अभिमानाने दाखवला होता. अशा माणसाकडून पिल्लू घेऊ नका आणि सल्लाही घेऊ नका.

इंग्लंडमध्ये ग्रेहाऊंडसारख्या वेगवान कुत्र्याचा टेरियर किंवा कोलीशी संकर करतात, त्याला लर्चर म्हणतात. या विषयावरची बरीचशी माहिती त्या कुत्र्यांबद्दलची असते. तिथेही २००४ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये रानसशामागे कुत्री सोडण्यावर बंदी आली. मात्र बिळात राहणारे रॅबिट आणि उंदीर यांच्यामागे, जमीनमालकाच्या परवानगीने, कुत्रं सोडता येतं. त्यामुळे तिथली शिकवणी त्या कामापर्यंत जाते. आपण तिच्यातलं बोलावण्याचं आणि अंग कमावण्याचं शास्त्र घ्यायचं, पुढचं सोडून द्यायचं.

मग या कुत्र्याला आपण काय काम देतो? दोरीने ओढलेल्या खोट्या सावजामागे धावणं, म्हणजे लूर, आणि शेतावर आपल्यासोबत शिस्तीत फिरणं. तुरीला हे पुरतं. मी बघते, तिला पुरतं.

२. हातात काय आलंय ते ओळखा

कारवानी, पश्मी, मुधोळ ही दख्खनची कुत्री. पश्मीच्या कानांवर आणि शेपटीवर लांब केस असतात, कारवानी गुळगुळीत. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी ही कुत्री जपली, वाढवली. भारतीय सैन्याने मेरठच्या आपल्या केंद्रात २०१६ पासून मुधोळ कुत्र्यांना शिकवायला घेतलं. त्याआधी सैन्यात विदेशी जातींचाच भरणा होता.

ही कुत्री वासावर नाही, नजरेवर धावतात. लॅब्राडोर जमीन हुंगत जातं, हे मान वर करून क्षितिज बघतं. दूरवर काही हललं की संपलं. पुढची सगळी शिकवणी या एका गोष्टीभोवती फिरते.

संकर असेल तर स्वभावाचा अंदाज आईवरून बांधा. आईला प्रत्यक्ष बघा. ती अनोळखी माणसाला बघून भिंतीला चिकटत असेल तर पिल्लंही लाजाळू निघण्याची शक्यता जास्त. पिल्लू आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नका.

३. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं थोडीच आहेत, पण एका प्लास्टिकच्या पाकिटात एकत्र ठेवा:

- लसीकरणाचं पुस्तक, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह
- महापालिकेच्या नोंदणीची पावती (शहरात राहत असाल तर)
- पिल्लाचा फोटो आणि अंगावरच्या खुणा. मायक्रोचिप बसवली असेल तर तिचा क्रमांक
- जवळच्या दोन पशुवैद्यांचे फोन नंबर, त्यातला एक रात्री उचलणारा

महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्या बाजूला शेत असेल तर तिथे ओपीडी कधी असते हे आधीच जाऊन विचारून या, अडचणीच्या दिवशी नको.

सामानात सगळ्यात महत्त्वाचा गळपट्टा. या कुत्र्यांची मान डोक्याहून जाड असते. साधा पट्टा घातला की कुत्रं मागे सरकून डोकं सहज काढून घेतं. तुरीने खंडवा रोडवर, भर रहदारीत, तसंच केलं होतं. मार्टिंगेल प्रकारचा रुंद पट्टा घ्या, ओढलं की तो थोडा आवळतो पण गळा दाबत नाही. शिवाय अंगाला नीट बसणारा हार्नेस, दहा मीटरचा सपाट पट्टीचा दोर, हातमोजे, एक साधी शिट्टी आणि कमरेला बांधायची खाऊची पिशवी. फिरत्या चाकाचा आपोआप गुंडाळणारा पट्टा घेऊ नका. हातातून सुटला की तो खडखडत कुत्र्यामागे येतो आणि भेदरलेलं कुत्रं आणखी जोरात पळतं.

४. पहिले चार महिने: लस आणि जग

डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालते. रेबीजची साधारण तीन महिन्यांनंतर. तारखा डॉक्टर ठरवतील, तुम्ही त्या चुकवू नका. पार्व्होने गेलेली पिल्लं मी पाहिली आहेत.

लस पूर्ण होईपर्यंत पिल्लू जमिनीवर नको, पण घरात कोंडूनही नको. आम्ही तुरीला कडेवर घेऊन फिरवलं. शाळा सुटताना फाटकाबाहेर, भाजीच्या गाड्यांजवळ, एकदा राजवाड्यासमोर संध्याकाळी दहा मिनिटं. ट्रॅक्टर, प्रेशर कुकर, ढोल, टोपी घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, हे सगळं या वयात ओळखीचं झालं पाहिजे. रंगपंचमीच्या गेरीत (रंग उधळत जाणाऱ्या मिरवणुकीत) किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत (सजवलेल्या देखाव्यांच्या मिरवणुकीत) मात्र नेऊ नका. तो गोंगाट मोठ्या कुत्र्यालाही सोसत नाही, आणि या जातीचं कुत्रं घाबरलं की भुंकत नाही, पळतं.

५. शिट्टी

इथे वेळ घालवा. बाकी सगळं मागे पडलं तरी चालेल.

शिट्टी का, आवाज का नाही? आपला आवाज रागात, घाबरून, थकून बदलतो. शिट्टी बदलत नाही, आणि वाऱ्यावर लांब जाते.

पहिले पंधरा दिवस फक्त घरात. जेवणाचं ताट खाली ठेवताना दोन छोट्या फुंका, पीप-पीप. बोलावायचं नाही, काही करायचं नाही. शिट्टी वाजली की चांगलं काहीतरी होतं, एवढंच तिच्या डोक्यात बसू द्या. मग घरातल्या दोघांनी दोन खोल्यांत बसायचं आणि आळीपाळीने वाजवायचं. आली की उकडलेल्या चिकनचा तुकडा, मीठ-मसाला न घातलेला. त्यानंतर अंगण, मग गच्ची, मग शेताचा कुंपण असलेला तुकडा. एक जागा पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. आम्हाला अंगणातून शेतावर जायला अडीच महिने लागले.

माझ्याकडून मोडले गेलेले आणि नंतर कसोशीने पाळलेले काही नियम:

शिट्टी एकदाच. पाच वेळा वाजवलीत तर ती पाचव्याला यायचं शिकते.

येणारच नाही अशी खात्री असेल तेव्हा वाजवू नका, चालत जाऊन पकडा.

आल्यावर कधीही रागावू नका, मग ती अर्ध्या तासाने का आली असेना.

आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: शिट्टी म्हणजे खेळ संपला, असं तिला वाटू देऊ नका. बोलवा, खाऊ द्या, गळपट्टा हातात धरा आणि परत सोडून द्या. दहापैकी नऊ वेळा सोडा. आम्ही सुरुवातीला फक्त घरी जायच्या वेळी बोलवत होतो. तुरी तीन दिवसांत शहाणी झाली आणि हाताच्या अंतरावर येऊन थांबायला लागली.

आता मुख्य मुद्दा. सावजामागे सुटलेलं कुत्रं शिट्टी ऐकत नाही. ते हट्टी असतं म्हणून नाही, धावताना त्याचं सगळं लक्ष डोळ्यांत गेलेलं असतं. म्हणून पकडायचा तो क्षण सुटण्याच्या आधीचा. कान उभे होतात, मान ताठ होते, कपाळाची कातडी ताणली जाते, कधी पुढचा एक पाय उचलला जातो. हे सगळं सेकंदा-दोन सेकंदांत. शिट्टी तेव्हाच वाजवायची, आणि वाजवून स्वतः उलट्या दिशेने पळायचं. पळणारी वस्तू तुम्ही व्हा. हे बघायला शिकायला मला तुरीपेक्षा जास्त दिवस लागले. तिच्याकडे बघत चालायची सवय लावा, फोन खिशात ठेवा.

६. लांब दोर

कुंपणाबाहेर पहिले आठ-दहा महिने दहा मीटरचा दोर लागलेलाच हवा. तो नेहमी हार्नेसला, गळपट्ट्याला कधीही नाही. हे कुत्रं तीन-चार उड्यांत प्रचंड वेग पकडतं. दोराच्या टोकाला गळ्याने हिसका बसला तर मानेला गंभीर इजा होते. तुमच्या हातालाही दोर कापतो, म्हणून मोजे.

सातव्या महिन्यात मी एकदा दोर काढला. गहू कापून झाला होता, रान मोकळं दिसत होतं, शिट्टीला ती छान येत होती. बांधावरून ससा उठला. तुरी चाळीस मिनिटांनी परत आली. ससा वाचला होता, तिच्या मांडीची कातडी मात्र शेजारच्या काटेरी तारेवर वीतभर फाटली होती आणि नरवाईच्या, म्हणजे कापणीनंतर उरलेल्या, खुंटांनी चारही पंजे सोलले होते. या कुत्र्यांची कातडी पातळ, खाली चरबी जवळजवळ नाहीच. साध्या ओरखड्याची जखम इथे टाके मागते.

७. गाई, शेळ्या, कोंबड्या

हे लहानपणीच. दोरावर ठेवून गाईंपासून वीस पावलांवर बसायचं आणि काहीच करायचं नाही. तिने गाईकडे बघितलं आणि स्वतःहून तुमच्याकडे वळली की खाऊ. रोज थोडं जवळ. कोंबड्या सगळ्यात अवघड, कारण त्या फडफडतात. कुंपणाच्या बाहेरून सुरुवात करा.

पावसाळ्यानंतर राजस्थानचे रेबारी मेंढपाळ मेंढ्यांचे कळप घेऊन माळव्यात उतरतात. कळप दिसला की दोर आखडा आणि बाजूला व्हा. एक मेंढी पळाली तर कळप पळतो, आणि भरपाई द्यावी लागते ती रास्तच असते. त्यांची राखणीची कुत्री तुमच्या कुत्र्याला सोडणार नाहीत.

८. काठीची शेपटी आणि लूर

चार महिन्यांपासून बांबूची हलकी काठी, तिच्या टोकाला दीड-दोन मीटर दोर, दोराला जुन्या फडक्याची शेपटी. जमिनीवर फिरवायची. तीन मिनिटं, जास्त नाही. शेपटी जमिनीवरच ठेवा. उंच उड्या मारून कोवळे सांधे बिघडतात. दरवेळी शेवटी तिला शेपटी पकडू द्या. कधीच हाती न लागणाऱ्या वस्तूमागे कुत्रं धावायचं सोडून देतं.

इथेच "थांब" शिकवा. शेपटी हलते आहे, कुत्रं दोरावर उभं आहे, "थांब", दोन सेकंद, "जा". पुढे पाच सेकंद, दहा सेकंद. हलणारी वस्तू समोर असताना थांबणं जिला जमलं, तिच्यावर शेतात भरवसा ठेवता येतो.

खरा लूर वर्षाची झाल्यावर. आमचं यंत्र म्हणजे काकांची जुनी सायकल. उलटी करून घट्ट बांधली, मागच्या चाकाचा टायर काढला, रिमवर दीडशे मीटर नायलॉनची दोरी, टोकाला पांढरी प्लास्टिकची पिशवी आणि फडकं. एकाने पेडल हाताने फिरवायचं, दुसऱ्याने कुत्रं धरायचं. पिशवी कुत्र्याच्या पुढे दहा-पंधरा मीटर राहिली पाहिजे. सायकलच्या वीस मीटर आधी फिरवणं थांबवा, नाहीतर कुत्रं चाकावर येऊन आदळेल. ताणलेल्या दोरीने बोटं आणि पाय कापतात, लहान मुलांना लांब बसवा. पहिले काही महिने सरळ रेषेतच. वळणं हाडं पक्की झाल्यावर.

एका दिवशी दोन किंवा तीन धावा, आठवड्यातून दोनदा. ती अजून मागेल. देऊ नका.

९. वय, ऊन आणि जमीन

हाडांची वाढ बारा ते अठरा महिन्यांपर्यंत चालते. तोवर सायकलमागे पळवणं, डांबरी रस्त्यावर पळवणं बंद.

धावण्याआधी दहा मिनिटं चालवा, नंतर पंधरा मिनिटं. पोट भरल्यावर तीन तास धाव नाही. छाती खोल असलेल्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडू शकतो आणि मग काही तासांत जीव जातो. पोट फुगलेलं, उलटीचा नुसता उमाळा, काही बाहेर येत नाही, असं दिसलं की गाडी काढा.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत धाव सूर्य उगवायच्या आधीच, किंवा नाहीच. उष्माघाताच्या खुणा: हिरड्या गडद लाल, लाळ चिकट, पाय अडखळणं. सावलीत घ्या, साधं पाणी पोटावर आणि मांड्यांच्या आत ओता, वारा घाला, आणि लगेच डॉक्टर. धावेनंतर लघवी चहा-कॉफीच्या रंगाची झाली तर स्नायूंना मार बसलेला असतो, तेव्हाही तसंच.

आमच्या काळ्या मातीचा त्रास वेगळा. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या, आणि वेगातला पाय त्यात अडकला तर हाड मोडतं. पावसाळ्यात तीच माती पंजाला गोळा होऊन चिकटते. धावायची पट्टी आधी स्वतः चालून बघा, दरवेळी. आम्हाला बरा काळ मिळतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा पहाटे गार असतं, त्यामुळे रात्री झोपताना तिच्या अंगावर झूल घालतो.

१०. डॉक्टरांना आपण सांगायच्या गोष्टी

टाके किंवा नसबंदी, कशासाठीही भूल द्यायची असेल तर आधी स्पष्ट सांगा की रक्त साइटहाउंडचं, म्हणजे नजरेवर धावणाऱ्या कुत्र्याचं आहे. थायोपेंटोनसारख्या काही जुन्या भुलीच्या औषधांतून ही कुत्री फार उशिरा बाहेर येतात. दुसरी औषधं आहेत. तुरीच्या वेळी मी हे ऐनवेळी बोलले, आणि डॉक्टरांनी लगेच औषध बदललं.

गोचिडांवर बारा महिने लक्ष ठेवा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात बघा. ताप, फिकट हिरड्या आणि खाणं बंद, हे गोचीड तापाचं लक्षण असू शकतं. पावसाळ्यात साप: पाय किंवा तोंड अचानक सुजलं तर घरगुती उपाय करत बसू नका.

बरगड्या दिसतात म्हणून लोक टोकतील. आमच्या आत्याबाई अजून म्हणतात, "अगं, पोरीला खायला घाला जरा." शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं या जातीत ठीक असतं. कमरेचं हाड टोचायला लागलं तर मात्र खाणं वाढवा.

११. शेतावरची राखण

तुरी फार भुंकत नाही. पण रात्री डुकरं किंवा रोज, म्हणजे नीलगाय, कुंपणाजवळ आले की उठून उभी राहते आणि त्या दिशेला बघत राहते. तेवढ्याने काका जागे होतात, दिवा लावतात, डबा वाजवतात. तिला त्यांच्यामागे सोडत नाही. नीलगाय लाथेने कुत्र्याची बरगडी मोडू शकते, रानडुक्कर पोट फाडतं.

चोरल-महूच्या बाजूला बिबट्या आहे आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. अंधार पडल्यावर कुत्रं बाहेर बांधून ठेवणं म्हणजे त्याच्या हवाली करणं. आमच्याकडे दिवेलागणीला दोन फुंका, पीप-पीप, आणि तुरी खोलीत. दाराला आतून कडी, खिडकीला जाळी, पाण्याचं भांडं आत.